पाच बाळ येशू आणि माझी रिकामी जागा

एका नाताळात आमच्या ओट्यावरच्या गोठ्यात पाच बाळ येशू होते. याला जबाबदार क्रिटिकल थिअरी.

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. मी मुंबईत कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होतो. घर वसईच्या पाचूबंदरला, बाबांची मासेमारीची होडी, आणि मी असा कोळ्याचा पोर, की होडीत पाय ठेवला की ओकारी! (धक्क्याला बांधलेल्या होडीतसुद्धा.) म्हणून तर बाबांनी मला चित्रकलेला घातलं होतं, आणि बजावलं होतं, "नापास झालास तर गुपचूप होडीवर यायचं."

पण कॉलेजात चित्रं काढणं आता मागासलेपणाचं ठरलं होतं. थिअरी शिकवायला नवे सर आले होते. ते खिडकीबाहेर बघत म्हणायचे, "कलाकार महत्त्वाचा नाही. त्याने फक्त जागा द्यावी. अर्थ बघणारा भरतो." मला यातलं काहीच कळलं नाही, त्यावरून ते फार खोल असणार हे मी ओळखलं. ही थिअरी प्रत्यक्ष कामात उतरवून दाखवली तरच पास! मी ठरवलं, यंदाचा नाताळ गोठा हेच माझं काम. सर नाताळला घरी येऊन बघायला कबूलही झाले.

दरवर्षी गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, बाबा करायचे. पेंढा, कागदाचे डोंगर, आरशाची नदी, खोक्यातून काढून पुसलेल्या मूर्ती. यंदा मी चार बांबू उभे केले, वर जुनं जाळं टाकलं आणि हात झटकले.

"मूर्ती कवा मांडशील?" आईने विचारलं.

"नाही मांडायच्या. ही रिकामी जागा आहे, आये. अर्थ लोकांनी भरायचा."

"आनि लोक काय म्हनतील?"

"तेच तर बघायचंय!"

"याला मार्क देतात?" बाबांनी विचारलं.

"देतात."

बाबा विडी पेटवून समुद्राकडे बघत बसले.

नाताळच्या सकाळी चर्चमधली मिस्सा सुटली. शेजारची रोझमावशी करंज्यांचं ताट घेऊन आली, ती गोठ्यासमोर थबकली. ताट ठेवून तिने आईचा हात हातात घेतला. "व्हतं गो असं एखाद्या वर्साला," एवढंच बोलून डोळे पुसत गेली. मी बघतो तर जाळ्याखाली, घडी घातलेल्या रुमालावर, एक बाळ येशू! आमच्या मूर्ती फुटल्या, नव्या घ्यायची ऐपत नाही आणि लाजेने आम्ही बोलत नाही, असा अर्थ तिने भरला होता.

मी येशू उचलून बिस्किटांच्या डब्यात लपवला. थोड्या वेळाने मावशी पुन्हा डोकावली आणि आळी दणाणली, "अरं, येशू चोरला कोनी!"

झालं! गरिबाच्या घरी चोरी, तीही नाताळात! साऱ्या आळीला पाझर फुटला. पास्कूकाका, म्हणजे आळीतले सगळ्यात वडीलधारे, मातीची गाय घेऊन आले. पलीकडून मेंढ्या आल्या, बाळ येशूला भेटायला उंटावरून आलेल्या तीन राजांपैकी दोन आले (तिसऱ्याचं डोकं त्या घरातल्या नातवाने चावलं होतं). जादा उंट कोणाकडेच नव्हता, म्हणून प्लास्टिकचा जिराफ आला. आणि येशू विसरला जाऊ नये म्हणून चार घरांनी एकेक आणला.

"न्या हो परत," मी गयावया केली. "ही रिकामी जागा आहे!"

"म्हनून तर आनलं. लाजू नको रं पोरा," म्हणत पास्कूकाका काठी घेऊन गोठ्याशेजारी पहाऱ्याला बसले.

चोर म्हणून माझंच नाव निघायला नको, म्हणून डब्यातला येशू मी हळूच परत ठेवला. तो पाचवा. बाबांनी बाहेर येऊन एकदा बघितलं.

"थिअरी वाढत चाललीय," ते म्हणाले.

आणि तेवढ्यात सर आले! पास्कूकाकांनी काठी आडवी धरली. "कोन तुमी? उचलायला आलाव का ठेवायला?"

"बघायला," सर म्हणाले, आणि बराच वेळ बघत राहिले.

"यातलं तुम्ही काय केलंत?"

"रिकामी जागा, सर."

"कुठे आहे ती?"

मी बोट दाखवलं. तिथे जिराफ होता.

पुढे सर माझ्याशी बोललेच नाहीत. ते रोझमावशीला प्रश्न विचारत होते, करंज्या खात होते आणि मधूनच "अप्रतिम! अख्खी आळी!" असं ओरडत होते. मला वाटलं, सुटलो! होडी टळली! आनंदाने मी जिराफाचा मुका घेतला.

निकालाच्या कागदावर सरांचा शेरा होता: "काम उत्कृष्ट. श्रेय सर्वस्वी शेजाऱ्यांचे. विद्यार्थ्याचा सहभाग नगण्य. नापास."

पावसाळा सरून होड्या समुद्रात गेल्या, तेव्हा एका होडीत मी होतो. धक्का अजून दिसत होता, तोवरच मी काठावर ओणवा होऊन होतं नव्हतं ते सगळं समुद्राला देऊन मोकळा झालो. बाबांनी पाठीवरून हात फिरवला आणि बोंबील-भाकरी माझ्या नाकासमोर धरली.

"झाली रिकामी जागा? भर आता अर्थ!"