अण्णाकाकांच्या रेडिओला ताप

आमच्या कट्टा गावच्या घरी किस्से कसे साठतात, सांगू? बातम्यांच्या वेळी ओसरीखाली वाडीतल्या लोकांच्या चपला साठतात ना, अगदी तस्से! कोणाची कुठली, पत्ता नाही. मला कावीळ झाली म्हणून आईने एक अख्खा पावसाळा मुंबईहून तिकडे धाडलं होतं. त्यातले हे रेडिओचे.

रेडिओ अण्णाकाकांचा. बॅटरीवरचा, कारण गावात वीजच नव्हती! काका जन्मभर बोटीवर इंजिनरूममध्ये. रिटायर होऊन आले ते रेडिओ घेऊन आणि कान तिकडेच ठेवून! आवाज असा, की माडावरचे कावळे उडायचे.

काकी म्हणाली, "अहो, जरा कमी करा. कान फुटतत!"

काका म्हणाले, "बोटीर इंजिन कमी कर म्हणान कोणाक सांगलंय मी?"

*

अडचण होती चुलतबहीण शालनची. मॅट्रिकला गणित राहिलेलं, ऑक्टोबरात परत बसायचं होतं. थोरल्या आबाकाकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सांगूनच टाकलेलं, "ह्या खेपेक नाय झाला तर शाळा बंद. स्थळ बघूक घेतलंय." तिला मास्तरीण व्हायचं होतं. आणि तिची वही नि रेडिओ यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत!

मी कॉलेजचा सायन्सवाला. म्हटलं, सिंपल आहे! रेडिओवर गोधडी घातली.

काका आले, गोधडीकडे बघितलं, म्हणाले, "काय रे, ताप इलो काय तेका?"

गोधडी माझ्या अंगावर, आणि आवाज पहिल्यापेक्षा मोठा!

*

मग काकीने डोकं चालवलं. पानाच्या डब्यातला चुना बोटावर घेतला आणि रेडिओच्या बटणाशेजारी रेघ ओढली. "ह्या रेघेच्या फुडे जाव नका!"

दोन दिवस शांतता. तिसऱ्या दिवशी परत गडगडाट! जाऊन बघतो तर वर दुसरी रेघ.

काका शांतपणे पान जुळवत होते. "खालची सुकतीची, वरची भरतीची. आता भरती आसा!"

*

शेवटी शालन वही घेऊन बागेतल्या मांगरात, म्हणजे नारळ ठेवायच्या खोपटात, जाऊन बसली. तिथे नारळ, उंदीर आणि ती. म्हटलं, सुटली!

संध्याकाळी गाणी सुरू झाली. काकांनी विचारलं, "शालन खंय?"

काकी म्हणाली, "मांगरात. अभ्यास करता."

काकांना फार वाईट वाटलं. उठले, रेडिओचं तोंड मांगराकडे फिरवलं आणि बटण पार शेवटपर्यंत पिळलं. "एकटा आसा गो माझा चेडू. तेका पण आयकाक येऊ दे!"

मी मांगरात गेलो तर शालन वहीवर डोकं ठेवून रडत होती. आबा दारात उभे.

मी म्हटलं, "आबा, तुम्ही सांगा ना त्यांना!"

"कसा सांगू रे? तो बोटीर राबलो म्हणान ह्या घरार कवलां चढली. तेच्याफुडे माझो आवाज चढना नाय."

*

गणपती आले नि गेले. म्हणजे जायला निघाले. आमच्याकडे विसर्जनाआधी गाऱ्हाणं घालतात. घरातला थोरला देवापुढे मागणं मागतो आणि मागे सगळ्यांनी ओरडायचं, "व्हय म्हाराजा!" एकदा म्हटलं की शब्द दिला!

आबा हात जोडून उभे राहिले. "बा गणराया, वर्षभर सगळ्या लेकरांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबैकारांका सुखरूप पोचव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

आबा थांबले. डोळे मिटले. आणि जन्मात चढला नव्हता असा आवाज चढवून म्हणाले, "आणि शालनची परीक्षा होयसर ह्या घरातलो रेडिओ बंद रवांदे रे म्हाराजा!"

काकीने पदर तोंडाला लावला. शालन जमिनीकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

मागून एकट्याचा, इंजिनरूममधला आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

अण्णाकाकांचा!

संध्याकाळी सवयीने वाडीतली माणसं बातम्यांना जमली. ओसरीखाली चपलांचा ढीग. रेडिओ जागेवरच होता. वर माझी गोधडी, चारी बाजूंनी नीट खोचलेली. शेजारी अण्णाकाका बसलेले, पान जुळवत.

कोणीतरी विचारलं, "अण्णानू, आज बातम्यो नाय?"

"श्श!" काका म्हणाले. "ताप इलोहा तेका. परीक्षा झाली की उतरतलो."