‘बे’वरून ‘तुम्ही’वर

नागपूरच्या स्टार्टअपमध्ये होतो तेव्हा माझ्याशी कोणी नीट बोलत नसे. शेजारच्या टेबलावर माझा मित्र, सौंसरचा, मी पांढुर्ण्याचा. "काऊन बे, अक्कल घरी ठेवून आला काय?" ही त्याची रोजची सुरुवात. तो सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडायचा, मी त्याच्यावर, आणि दुपारी आम्ही एकाच डब्यात जेवायचो. मग मला पुण्यात एका फंडात नोकरी लागली. नव्या कंपन्या पारखायच्या, पटल्या तर फंडाचे पैसे त्यांत गुंतवायचे.

पांढुर्ण्यात हे समजावणं म्हणजे डोकेफोड. शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "फायनान्सवाल्याईकडं लागला म्हणे. मंग हप्ते थकलेल्या लोकाईच्या गाड्या उचलून आनते काय?" आईनं कितीतरी दिवस त्यांच्याशी अबोला धरला.

पुण्यात दिवसभर माणसं भेटतात. माझ्या फालतू विनोदांवर हसतात, बावळट प्रश्नांना "छान प्रश्न" म्हणतात. खोलीवर परतलो की कुणाशी तरी कडाकडा भांडावंसं वाटतं, पण भांडायला माणूस नाही. फार एकटं वाटतं, सरळच सांगतो.

यंदा संत्र्याच्या तोडणीत घरी आलो, तर मित्राचा फोन. नोकरी सोडून त्यानं सौंसरला स्वतःची कंपनी काढली होती. फोटोवरून संत्री निवडणारं यंत्र. त्याला आमच्या फंडाचे पैसे हवे होते. मी चहा न पिताच बस पकडली. रस्ताभर नव्या शिव्या जुळवत होतो.

तो कंपनीच्या शेडच्या दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभा. "या ना. त्रास नाही झाला ना तुम्हाला?"

"अबे, काय नाटकं करून राहिला?" मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. तो हसला, पुण्यातली माणसं हसतात तसा. मग रुमालानं माझी खुर्ची पुसली.

माझं डोकंच फिरलं. मी मुद्दाम म्हणालो, "हिरवं फळ कच्चंच असते. सारं बाजूले काढत जा." या तोडणीतलं, आंब्या बहाराचं संत्रं सालीला हिरवं असलं तरी आत गोड असतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आता हा माझा गळा धरणार म्हणून मी वाट पाहत राहिलो.

"हो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता तसं करून पाहतो."

"हे पाय," मी म्हणालो, "तू माहा दोस्त आहे, म्हणून फंडात तुह्या कंपनीचं मी ठरवूच शकत नाही, दुसरे ठरवतीन. मले खूश ठेवून काही फायदा नाही. आता तरी शिवी दे."

तो गडबडला. त्याचे ओठ हलले. तेवढ्यात त्याचा नवा भागीदार चहा घेऊन आत आला. मित्रानं घाईघाईनं उठून ओळख करून दिली.

"हे साहेब, पुण्याचे. पहिले आमच्यासंगं होते."