घरगुती कारणास्तव

आमच्या घरात शाळेतून बोलावणं आलं की ठेवणीतली साडी निघते. ही रीत आईची, तिच्याकडून ती माझ्या थोरल्या बहिणीकडे आली. शिक्षकांना भेटायला रिकाम्या हाताने जायचं नाही, हीसुद्धा आईचीच. म्हणून मार्चमध्ये भाचीच्या शाळेतून फोन आला तेव्हा ताईने साडीच्या दुकानातल्या नोकरीवरून अर्धा दिवस सुट्टी मागितली, धरमपेठेतून संत्रा बर्फीचा डबा घेतला आणि मला म्हणाली, "तू चाल वं संग. तुले बोलता येते."

भाची नववीत होती. भाषा, इतिहास ठीक. गणित आणि विज्ञान कच्चं, म्हणजे खरोखरच कच्चं, उगाच लपवत नाही. तिचे बाबा ट्रकवर असतात, महिन्यातले बरेच दिवस रायपूरच्या वाटेवर. शाळा आमच्या वस्तीपासून लांब, शहराच्या कडेला बेसा भागात, नव्या नव्या इमारतींच्या मधोमध. फाटकावर दहावीच्या शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स, त्यावर हसरी मुलं आणि त्यांच्यापेक्षा मोठ्या आकारात संस्थाचालक.

मुख्याध्यापिका मॅडम फार गोड बोलल्या. चहा मागवला.

"बघा ताई, मुलगी गुणी आहे. पण दहावी म्हणजे दहावी. तिला झेपणार नाही. उगाच टेन्शन घेऊन काही करून बसली तर?"

ताई घाबरली. "मग काय करावं मॅडम?"

"शाळा सोडल्याचा दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून बसेल. बोर्ड तेच, सर्टिफिकेट तेच. शाळेची कटकट नाही, हजेरी नाही. घरी आरामात अभ्यास करेल."

सतरा नंबरचा फॉर्म ही चांगली सोय आहे. ज्यांची शाळा सुटली, जे कामाला लागले, ज्यांची लग्नं झाली, त्यांना पुन्हा दहावीला बसता यावं म्हणून ठेवलेलं ते दार आहे. बाहेर राहिलेल्यांना आत घेण्यासाठी. ही शाळा त्याच दारातून आतल्या मुलांना बाहेर काढत होती. शाळेचा निकाल मोजतात तो शाळेच्या पटावरून बसलेल्या मुलांचा. कच्ची मुलं नववीतच गळली, की उरलेल्यांचा निकाल शंभर टक्के. हे गणित शिकवायला त्यांना वेळ नव्हता, करायला मात्र भरपूर होता.

मी विचारलं, "आणि दाखला नाही नेला तर?"

"तुम्ही कोण?"

"मावशी."

"मग आईला बोलू द्या." मॅडम ताईकडे वळल्या. "मग आम्हाला नववीत नापास करावं लागेल. मुलीच्या कागदावर नापासचा शिक्का बरा दिसतो का? तुम्ही स्वतःहून दाखला घेतला तर आम्ही पास लिहून देतो."

वार्षिक परीक्षा अजून व्हायची होती. पेपरसुद्धा छापले नसतील. आणि निकाल असा टेबलावर ठेवलेला होता: शाळेत राहिली तर नापास, गेली तर पास. म्हणजे जी मुलगी नववी पास व्हायच्या लायकीची नाही, ती फाटकाबाहेर पाऊल टाकताच लायक होणार. मला वाटलं आता ताई उठेल. ताईने डबा पुढे केला.

"थँक्यू मॅडम. तुम्ही पोरीचा एवढा विचार करता."

बाहेर ऑफिसातल्या बाबूंनी अर्जाचा नमुना दिला. तो पालकांनी आपल्या अक्षरात उतरवून आणायचा. 'माझ्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मी घरगुती कारणास्तव, स्वखुशीने घेत आहे. शाळेबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही.' खाली सही.

ऑटोत मी भडकले. "काढून राहिले ना पोरीले, आन् तू थँक्यू म्हणते?"

"हळू बोल. ऑटोवाला ऐकून राहिला."

"ऐकू दे!"

"बरोबरच बोलते तुमची बहीण," ऑटोवाला पुढूनच म्हणाला. "माह्या पोट्ट्याले बी असंच केलं."

ताईने पदर डोक्यावर घेतला आणि घर येईपर्यंत बाहेर बघत बसली.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. दसऱ्याच्या दिवसांत दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून माझे बाबा पिशवीभर पुस्तिका आणायचे. दोन पिना मारलेल्या, पातळ कागदाच्या, एका वाचनात संपणाऱ्या. मी अक्षरं त्यांतून शिकले. सरकारला प्रश्न विचारावा, पोलिसांना विचारावा, पुजाऱ्याला विचारावा, सावकाराला विचारावा, हे मला शाळेच्या आधी माहीत होतं. आमच्या दारात येणाऱ्या प्रत्येक खुर्चीवाल्याकडे बाबा संशयाने बघतात. एक शाळा तेवढी सोडून. आमच्या आजोबांना वर्गाबाहेर बसवत. तिथून वर्गात येईपर्यंत जे झालं ते झालं, आणि त्यानंतर आमच्या घरांनी शाळेला कधी प्रश्न विचारला नाही. शाळा म्हणजे मिळालेली गोष्ट. तिच्याशी कोण भांडतो? ही चूक आमच्यासारख्या घरांकडूनच होऊ शकते, आणि शाळेला ती पक्की ठाऊक आहे. धरमपेठेतल्या कुण्या डॉक्टरच्या मुलाला सतरा नंबर सांगून दाखवावा!

त्या संध्याकाळी बाबांना सांगितलं. मला वाटलं, ते तरी पेटतील.

"शाळेसंग भांडाचं नसते," बाबा म्हणाले. "मास्तरायले काही समजत असंल म्हनूनच सांगून राहिले."

"बाबा, हे तुम्ही बोलून राहिले? तुम्ही?"

"पोरीचं साल वाया जाईन. सर्टिफिकेट तर तेच हाय ना?"

"सर्टिफिकेट तेच, मग शाळा कायले पाहिजे? सारेच पोट्टे घरी बसवा ना!"

बाबा चष्मा पुसत बसले.

मी कागद घेतला. राग आला की मला लिहिता येतं, दुसरं काही येत नाही. शंभर टक्क्यांचा पंचनामा, शिक्षणाचं दुकान, गाळलेल्या मुलांचा हिशोब द्या, अशा मथळ्यांखाली दोन पानं भरली. पाचशे प्रती काढून शाळेच्या फाटकावर वाटायचा बेत होता. ताईला वाचून दाखवलं.

"चांगलं हाय," ती म्हणाली. "पण यात माही पोर कुठी हाय? सारी शाळाच हाय."

मी म्हणाले, तिचं नाव कसं घालणार, बदनामी होईल. ताई म्हणाली, "मग वाटशील तवा सारे विचारतीनच ना, कोनाची पोर ढ हाय म्हनून. तिले जा लागते वं त्या वर्गात. तुले नाही."

मी ती दोन पानं घडी करून ठेवली. ताई ओट्याजवळ बसून पाठकोऱ्या कागदावर नमुन्याची नक्कल करायला लागली. अक्षर सुरेख आहे तिचं. सातवीनंतर तिची शाळा सुटली, तेव्हाही कारण घरगुतीच होतं. पण ते खरं होतं. आई आजारी होती आणि मी रांगत होते.

भाची खो-खोच्या सरावावरून आली. गुडघ्यांवर माती, हातात बूट. तिला अजून कुणी काही सांगितलं नव्हतं. आईच्या खांद्यावरून वाकून तिने वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबली.

"आई, आपल्या घरी काय झालं?"

"काही नाही. हातपाय धू."

"मग घरगुती कारण काय हाय?"

ताईचं पेन थांबलं.

"मावशी, काय झालं सांग ना वं. बाबाले ट्रकवर काही झालं काय?"

मग सांगावंच लागलं. मी सांगितलं, ताई भिंतीकडे बघत होती. भाचीने सगळं ऐकलं. रडली नाही. म्हणाली, "पन मी कुठी म्हटलं मले नाही जमत? मॅडमनं मले विचारलंच नाही." मग बूट कोपऱ्यात ठेवत, "मी नापास होईन कदाचित. पन बाहेरून म्हंजे कुठून बसाचं? घरून? इथं तर कोनालेच भूमिती येत नाही."

बाबा, मी, ताई. खरंच कुणालाच येत नव्हती.

दुसऱ्या दिवशी ताई दुकानात जायच्या कपड्यांतच शाळेत गेली. मीही गेले, पण बोलायचं नाही या अटीवर. तिने बाबूंना अर्ज दिला. बाबूंनी वाचला, परत वाचला आणि तसाच मॅडमकडे नेला. थोड्या वेळाने आम्हाला आत बोलावलं. या वेळी चहा नव्हता.

"हे काय लिहिलंय?"

ताईने लिहिलं होतं: 'माझ्या घरी कोणतेही कारण नाही. मुलीला शाळेत राहायचे आहे. मॅडमनी सांगितले म्हणून दाखला नेत आहे.' खाली सही, नाव, पत्ता. अक्षर तेच, सुरेख.

"असा अर्ज घेता येत नाही आम्हाला."

"काहून नाही येत? खरं हाय ते."

"ताई, तुम्हाला समजत नाहीये..."

"मले समजते मॅडम. खोटं लिहाचं नाही, हे इथंच शिकवता ना पोरायले? तुम्ही हा अर्ज ठेवा, त्याच्यावर शिक्का मारून मले एक कॉपी द्या, आन् दाखला द्या. आत्ता नेतो."

मॅडमनी अर्ज टेबलावरून तिच्याकडे सरकवला. "आणि नापास झाली तर?"

"तर पुन्हा नववीत बसंल. पोट्टे नापास होतात मॅडम. त्याले शाळाच म्हनते." ताईने अर्ज उचलून त्याची घडी घातली. "पन नापास इथंच होईन."

बाहेर येऊन ती नळावर खूप पाणी प्याली आणि थेट कामावर गेली, उशीर झाला म्हणून.

भाची नापास झाली. गणितातच. विज्ञानात काठावर निघाली. पेपर सरळ तपासले असतील यावर माझा विश्वास नाही, पण गणिताची उत्तरपत्रिका आम्ही मागून पाहिली आणि त्यात ती खरंच नापास होती. निकालाच्या दिवशी ती पांघरूण घेऊन पडून राहिली, जेवली नाही. ताईने समजूत घातली नाही. फक्त पंखा वाढवला.

तिच्या वर्गातल्या दोघी मैत्रिणी दहावीत गेल्या नाहीत, नववीतही राहिल्या नाहीत. पास होऊन घरी बसल्या आहेत. एकीला मोबाइलच्या दुकानात लावलं म्हणतात. कुणी विचारणार नाही, कारण शाळेकडे त्यांच्या आयांच्या अक्षरात लिहिलेलं आहे की कोणतीही तक्रार नाही.

जूनच्या शेवटी शाळा उघडली. भाची जुनाच युनिफॉर्म लांब करून गेली. सगळी मुलं एक वर्षाने लहान. गणिताच्या सरांनी तिला पाहून वर्गासमोर विचारलं, "काय गं, तू अजून इथंच?"

"हाव सर," ती म्हणाली. "मागच्या वर्षीची भूमिती राहिली माही. ते शिकवा ना."

वर्ग हसला. सरांनी खडू उचलला.