पोट मोजून खाणाऱ्या चिमण्या

शिपायानं पोस्टकार्ड आणून दिलं तेव्हा मी तळेगावच्या शाळेत वर्गावर होतो. लोणावळ्याचे कासमभाऊ गेले... त्याला आता महिना झाला. बीएस्सी झालेला मी आमच्या गावातला पहिला, हे मी अभिमानानं सांगतो. पण पाखरांचं मला जे पक्कं ठाऊक आहे, ते शाळेची पायरीही न चढलेल्या या माणसामुळं.

भाऊ धान्याच्या दुकानात मापाडी. पोतं नुसतं हलवून वजन सांगायचे आणि काटा तेच म्हणायचा. संध्याकाळी वखारीत कोंडलेल्या चिमण्या उपरण्यात धरून बाहेर सोडायचे, तेव्हा त्याही तळहातावर जोखायचे. मी सुट्टीत लोणावळ्याला गेलो होतो तेव्हा म्हणाले, "समोरच्या चिंचंवर शिक्रा बसाया लागल्यापासनं चिमण्या हलक्या झाल्यात."

"भ्यानं उपाशी राहत असतील," मी पुस्तकी तोऱ्यात म्हटलं.

"न्हाई ओ, कालेजवाले. पोट मोजून खात्यात. जड चिमणी उडंस्तवर शिक्रा गाठतोय तिला. शिक्रा गेला की बघा, पंधरवड्यात भरत्यात का न्हाई."

गल्ल्यावरचे शेटजी हसले. "आणि नाही भरल्या तर? उद्या गिऱ्हाईक तुझ्या पोत्यांवर तरी विश्वास ठेवील का रे?"

भाऊंचा चेहरा उतरला. मापाड्याजवळ शब्दाशिवाय असतं काय? म्हणाले, "न्हाई भरल्या तर काटा सोडीन."

मग आम्ही शेजारच्या सोनाराचा काटा मागून आणला. एका पारड्यात मलमलीच्या पिशवीत चिमणी, दुसऱ्यात तशीच रिकामी पिशवी आणि वजनं. सहा चिमण्या तोलून मी वहीत मांडल्या. थोड्याच दिवसांत शिक्रा आपणहून कुठंसा निघून गेला. पुढचा पंधरवडा भाऊ नीट जेवले नाहीत म्हणे... पुन्हा सहा चिमण्या तोलल्या, तर त्यांतल्या बहुतेक एकेक मासा, म्हणजे ग्रॅमभर, जास्त भरल्या! दाणे तेच, वखार तीच. माझा तोरा तिथंच उतरला.

शेटजी सुटलेल्या पोटावर हात फिरवत म्हणाले, "कासम, आता माझंही वजन सांग बरं."

"तुमच्या चिंचंवर शिक्रा कवा बसलाच न्हाई, शेटजी!"

सगळा बाजार हसला, शेटजी सगळ्यांत मोठ्यानं.

माझ्या वर्गात तेव्हापासून एक रीत आहे. मुलांनी काही पाहिलं असेल, तर ते पुस्तकात आहे का, असं मी आधी विचारत नाही. काल वराळ्याची एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, घार फिरत असली की आमची कोंबडी पाणी पितापिता लय वेळा मान वर करती."

"मोजलंस?"

"व्हय."

मी खडू तिच्या हातात दिला आणि बाकावर जाऊन बसलो.