बाबा कॅसेटमध्ये बरे बोलायचे

दुबईला जाऊन आलेली माणसं परफ्यूम आणतात, खजूर आणतात. मी किस्से आणले! मैत्रिणी अजून फर्माइश करतात, आणि प्रत्येक किश्श्यात बावळट मीच निघते.

बाबा माझ्या जन्माआधीपासून तिकडे. दोन वर्षांनी एकदा घरी यायचे, ती सुट्टी पाहुण्यांतच संपायची. मी बी.ए. झाले, लग्न ठरलं, तेव्हा फोनवर म्हणाले, “एकदा ये. माझ्या तरुणपणीच्या जागा दाखवतो.” म्हटलं, चला, सासरी जायच्या आधी वडिलांशी ओळख तरी होईल!

*

एअरपोर्टच्या एसीतून बाहेर पडले आणि चष्म्यावर वाफ धरली. धुरकट मिशी दिसली. मी घाईघाईने वाकून नमस्कार केला. मिशी दचकून मागे सरकली, “इट्स ओके, इट्स ओके!”

मागून आवाज आला, “चिमे, त्यांचा आशीर्वाद घेऊन झाला असेल तर यल्ला, चल, आता माझा घे!”

*

बर दुबई नावाच्या जुन्या भागात बाबांची पहिली खोली होती. आता तिथे लेडीज ड्रेसचं दुकान. आलोच आहोत तर म्हणून मी एक ड्रेस घेऊन ट्रायल रूममध्ये शिरले. बाहेर बाबा भावुक होऊन एका बाईंना सांगत होते, “भाभीजी, वो अंदर कपड़े बदल रही है ना, उधर ही मैं सोता था!”

बाई किंचाळल्या. काही न कळता आतून मीही किंचाळले!

*

खाडी ओलांडायला अबरा, म्हणजे लाकडी मोटरबोट. कडेला कठडाच नाही! बाबा कौतुकाने म्हणाले, “इथेच मी पडलो होतो.”

“मग?”

“मग काय, ड्युटीला लेट मार्क.”

मी थेट बोटीच्या तळाशी फतकल मारली. उतरताना चौघांनी मला उचललं.

*

गंमत म्हणजे, बाबा सगळ्या गावाशी बोलत. माझ्याशी? “जेवलीस?” “हो.” “एसी कमी करू?” “नको.” खलास!

लहानपणी हेच बाबा पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचे. दोन्ही बाजू गप्पाच गप्पा! फक्त मागे सतत टक-टक-टक वाजायचं. मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, की बाबांच्या छातीला मशीन लावलंय आणि ते ही गोष्ट घरच्यांपासून लपवताहेत. विचारायची हिंमत कधीच झाली नाही. बी.ए. झाल्यावरसुद्धा!

दुसऱ्या दिवशी माझी फ्लाइट. संध्याकाळी बाबांनी खाडीकाठच्या एका बाकावर नेलं. “खोलीत गोंगाट असायचा. तुझ्या कॅसेट इथे बसून भरायचो.”

समोरून अबरा गेली. टक-टक-टक.

मी भोकाड पसरलं. बाबा गडबडले. “काय झालं? जेवलीस ना?”

मी नाक पुसलं. त्यांच्या हातातला पेप्सीचा रिकामा कॅन घेतला, त्यांच्या तोंडासमोर धरला आणि बटण दाबल्यासारखं केलं. टक.

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. घसा खाकरला. कॅनकडे पाहत म्हणाले,

“हॅलो, हॅलो... चिमे, मी बाबा बोलतोय. तुझं लग्न ठरल्याचं कळलं...”