गोड पाण्याची विहीर

आमच्या टॉवरमागे जे गाव उरलंय, तिथले एक काका आपल्या विहिरीचं पाणी टँकरवाल्यांना विकतात. त्या उपशाने शेजारच्या विहिरी खाऱ्या झाल्या. गावातल्या बायका तोंडावर बोलतात, ते नुसते हसतात. मलाही त्यांना काही म्हणवत नाही, कारण आमच्या इमारतीत तेच पाणी येतं.

टँकर भरण्याआधी ते घोटभर चाखतात. "गोड हाय, साहेब!" कॉलेजला निघालेल्या मला ऐकवतात.

काल चाखलं आणि थुंकले.

"आज बंद, काका?" ड्रायव्हरने विचारलं.

"भर रे. फ्लॅटवाल्यांना काय कलतंय?"

मग मी दिसलो. आवाज उतरला. "पोरा, तुमच्याकडं मशीनचं पानी असतं ना? माज्या आयला प्यायला एक कलशी दे."

मी कळशी भरून आणली, तोवर त्यांनी दुसरा टँकर लावला होता.