फक्कीच्या चार रेघा

दुष्काळात कर्जतच्या बाजूला आमच्या गावाजवळ रस्त्याचं काम निघालं. आम्ही दोघी जावा तिथे खडी फोडायला जायचो. मी थोरली, चौथी शिकलेली. धाकटी शाळेची पायरी न चढलेली, पण रांगोळीत गावभर तिचं नाव. मला ते आधीपासूनच सोसत नव्हतं.

फोडलेल्या खडीचा चौकोनी ढीग लावायचा आणि वरून बारीक कच पसरून तो सपाट करायचा. मुकादम ढीग मापायचा आणि मापल्याची खूण म्हणून वर चुन्याची फक्की टाकायचा. शनिवारी तालुक्याहून साहेब यायचा. खूण असलेल्या ढिगाचीच मजुरी मिळायची. पण फक्की काय, कुणीही टाकेल. मुकादमाची पाठ वळली की लोक न मापलेल्या ढिगांवरही टाकू लागले. साहेबाने एक ढीग उकरला तर आत नुसता मुरूम. त्या आठवड्याला सगळ्यांचीच मजुरी अडली.

मुकादम वैतागून म्हणाला, "अशी खून पायजे, जी समद्यांना वळखू यील, पर कुनाला करता येनार न्हाई."

बायकांनी धाकटीला पुढे ढकललं. तिने मुठीत फक्की घेतली आणि ढिगावरून एकदाच हात फिरवला. बोटांच्या फटींतून चार रेघा पडल्या. एकसारख्या बारीक, मधलं अंतर सारखं, आणि टोकाला चारही एका ठिपक्यात मिटलेल्या. ढिगाला नंतर कुणी हात लावला तर रेघ मोडलेली दिसायची. काढायला एक हात, ओळखायला सगळं गाव. माझा नातू कॉम्प्युटरवरच्या सह्यांचं काम करतो. सही एकालाच करता यावी, पण खरी की खोटी ते कुणालाही तपासता यावं, असं तो सांगतो. मला त्यात नवल वाटलं नाही.

त्या दिवसापासून तिचा हातोडा सुटला. ती मुकादमाबरोबर ढिगाढिगाने फिरायची आणि मी उन्हात दगड फोडायची. ते काम मला हवं होतं. घरामागे चुलीतली राख घेऊन मी शिकायला बसले. राखेचे नुसते गोळे पडत.

शेवटी तिलाच विचारलं, "कसं करतीस गं?"

"असं बगा, बाई. मूठ ढिली ठिवायची न् हात चालवायचा."

तिने काहीच लपवलं नाही. लपवलं असतं तर बरं झालं असतं, निदान तिला चोरटी म्हणता आलं असतं.

पुढे चुन्याने तिची बोटं फुटली आणि एका शुक्रवारी ती घरीच राहिली. मुकादम म्हणाला, "थोरल्या वैनी, तुमी काडा. एकाच घरच्या तुमी."

मी मूठ भरली. रेघा काढल्या. मला बऱ्या वाटल्या. ढिगाची मालकीण वाकून बघत म्हणाली, "वैनी, ही रेघ हाय का गांडूळ?"

सगळ्या हसल्या.

"उद्या सायेब माझी मजुरी कापंल. पुसा ते."

"एका घरचं पानी पितो आमी दोघी," मी म्हणाले.

"पानी एक हाय, हात एक न्हाई."

त्यांनी धाकटीला घरून आणवलं. बोटांची चिंधी सोडून तिने मूठ भरली. प्रत्येक मुठीला ओठ चावत होती. एखादी तरी रेघ वाकडी जावी म्हणून मी बघत होते. एकही गेली नाही. मुकादमाने फक्कीचं घमेलं माझ्या हातात दिलं. "तुमी निदान ह्ये तरी धरा." मी तिच्या मागून घमेलं घेऊन फिरले.

शेवटच्या ढिगापाशी ती हळूच म्हणाली, "बाई, हितं तुमी काडा. कोन बगत न्हाई."

कुणी बघत नव्हतं, पण साहेबाला उद्या कळलंच असतं. आणि तिला तर कळत होतंच.

"तूच काड," मी म्हणाले. "जळू दे तुजा हात."

तिने काढल्या. चारही सरळ.